वेणीखालची कोरी पट्टी

मालूला शेवटची आंघोळ घालून बायका बाहेर आल्या, तेव्हा त्या एकमेकींकडे बघत नव्हत्या. मी ओसरीच्या खांबाला टेकून बसलो होतो. शेजारच्या काकी माझ्याजवळ आल्या, पदराने हात पुसत अगदी हळू म्हणाल्या, "मास्तरांनू, चेडू भाजलेला इतक्याच आयकललंय, पण पाठीर ता काय होता? आठ वर्सां माझ्या दाराक दार लावन रवली, पण कधी बोलाक नाय. आणि मधीच एक पट्टी कोरी कशी?" मी नुसतं 'मागाहून सांगतो' म्हटलं. काकींनी पुन्हा विचारलं नाही. पण त्यांच्या डोळ्यांत जो धक्का मी त्या दिवशी पाहिला, तो माझाच होता. आठ वर्षांपूर्वीचा, तसाच्या तसा ताजा.

मालू कावीळ होऊन गेली. कुणी तिला मारलं नाही, कुणाचा दोष नाही. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, आणि आता शाळेतून आल्यावर घरात बोलायला कुणी नाही. म्हणून काकींच्या प्रश्नाचं उत्तर मी कागदावर लिहायला बसलो आहे. चमत्कार झाला असं मला सिद्ध करायचं नाही. मी शाळामास्तर आहे, मुलांना पुरावा मागायला शिकवतो. जे झालं ते क्रमाने सांगतो.

आमचे आईवडील लवकर गेले. मालू माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, तेव्हा तिचं सगळं मीच केलं. तिला अक्षरओळख मी करून दिली, पाढे मी शिकवले, आणि मुलीला एवढं शिकवून काय करणार म्हणून गावाची बोलणीही मीच खाल्ली. तिला कसालपासून मैल-दीड मैल आत असलेल्या एका वाडीत दिली. जावई मुंबईला एका कचेरीत नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला घरी येणारे. घरी सासू आणि थोरले दीर. दिरांची बायको गेलेली, त्यामुळे घरात बायकामाणूस म्हणजे सासू आणि मालू, दोघीच. सासूबाईंचं सोवळं कडक, असा त्या वाडीत लौकिक होता. मला तेव्हा त्याचं बरंच वाटलं होतं. नेमाधर्माचं घर आहे, असं मी चारचौघांत सांगत असे.

शिमगा महिन्याभरावर आला होता. जामसंड्यात मी संध्याकाळी वह्या तपासत बसलो होतो. कसालच्या बाजूने नारळ घेऊन आलेल्या ट्रकवरचा एक ओळखीचा माणूस दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तरांनू, तुमची भयण भाजली. आज सकाळी. पेज गाळताना टोप कलंडलो, असा सांगतत. तिच्या शेजाऱ्यांनी तुमका कळवूक सांगल्यानी." एवढं सांगून तो गेला. मी किती भाजली, कुठे भाजली, काही विचारलं नाही. माझ्या हातात लाल शाईचा टाक होता आणि त्याचा एक मोठा थेंब एका मुलाच्या वहीवर पडला, तेवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी ग्रामदेवीच्या देवळात गेलो. गुरवाने देवीच्या पायाकडचा अंगारा कागदाच्या पुडीत बांधून दिला. लहानपणापासून माझा रोजचा स्तोत्रपाठ आहे. ती छोटी पोथी पिशवीत टाकली, पुडी मुठीत घेतली आणि गाडी पकडली. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्या मनात भक्ती नव्हती, भीती होती. इतकी वर्षं एक दिवस न चुकवता पाठ केला, त्याचं हेच का, असा एक हिशोबी विचार सारखा वर येत होता आणि मी तो स्तोत्राच्या ओळींखाली दाबत होतो.

तळेऱ्याला गाडी बदलली. पुढच्या गाडीत माझ्या शेजारी एक बाई येऊन बसल्या. पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या, पांढरं लुगडं, पायाशी पत्र्याची पेटी. बसल्या बसल्या त्यांनी एक चप्पल काढली आणि तळव्यावरचं कुरूप दाबत पुटपुटल्या, "ह्या पायांनी माझो जीव घेतल्यानी." मी ओठांत स्तोत्र म्हणत होतो. गाडीला धक्का बसला तशी माझ्या मुठीतली पुडी खाली पडली. त्यांनी ती उचलून दिली आणि विचारलं, "कोण आजारी आसा?"

मी सांगितलं. त्या सरकारी प्रसूतिकेंद्रावर नर्स होत्या आणि मालवणच्या बाजूला नव्या ठिकाणी रुजू व्हायला चालल्या होत्या. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "फुडसून भाजली काय पाठसून?" मला ठाऊक नव्हतं. "हातांक लागला?" तेही ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जीभ टाळूला लावून चुकचुकल्या. "इतकी पुस्तकां वाचतास मास्तरांनू, आणि इतक्या विचारूक नाय?" मला राग आला. दुःखात असलेल्या माणसाशी असं बोलतात का?

कसालला उतरलो तर त्यांची मालवणची गाडी निघून गेलेली. पुढची चार वाजता. त्या पेटीवर बसल्या, चप्पल काढली, पुन्हा कुरूप दाबलं, आणि मग मला म्हणाल्या, "थांबा. चार वाजेपर्यंत हंय बसान मी काय करू? चला, बघतंय तुमच्या भयणीक." पेटी त्यांनी समोरच्या दुकानात ठेवली, तिच्यातून एक कापडी पिशवी काढून घेतली आणि लंगडत माझ्याबरोबर चालू लागल्या. त्या गाडीने पाच मिनिटं वाट पाहिली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. मी याहून जास्त काही म्हणत नाही.

सासूबाई खळ्यातच भेटल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "इलास? काय सांगा मास्तरांनू, आमचा नशीब. पेज गाळी होती, टोप कलंडलो. मी म्हटलंय, सावकाश गो, सावकाश. पण आयकात तर ना!" मला त्यांची दया आली. खोटं वाटावं असं त्यात काही नव्हतं. आमच्याकडे रोज सकाळी घरोघर पेज होते, आणि टोप कलंडून हातपाय भाजल्याच्या गोष्टी प्रत्येक घरात एक तरी असते.

मालू मागच्या पडवीत चटईवर पालथी पडली होती. तिचं तोंड भिंतीकडे होतं. मी "मालू" म्हटलं तर तिने मान वळवली नाही, फक्त जमिनीवरची बोटं हलली. पाठीवर काय होतं ते मी नीट लिहू शकणार नाही. चुलीतली राख तुपात कालवून थापलेली होती, कुणी तरी त्यावर उपाय म्हणून शाईही ओतली होती. त्या काळ्या थराखाली माझ्या बहिणीची पाठ होती. मी गुडघ्यांवर बसलो. मला दुसरं काही सुचलं नाही. पुडी उघडली, देवीचं नाव घेतलं आणि अंगारा चिमटीत घेऊन त्या जखमेवर सोडायला वाकलो.

माझं मनगट कुणी तरी घट्ट धरलं. "अंगारो कपाळाक," नर्सबाई म्हणाल्या. "जखमेक नको. देवीक राग येवचो नाय. माका येतलो."

मी अंगारा मालूच्या कपाळाला लावला. त्यासाठी तिची मान हळूच वळवावी लागली, आणि तेव्हा मी तिचा चेहरा पाहिला. चेहऱ्यावर एक डागही नव्हता. मी मनात म्हटलं, देवीने तोंड तरी राखलं. एवढंच माझ्या डोक्यात आलं. नर्सबाईंनी मात्र मालूचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, तळवे पाहिले, मागची बाजू पाहिली, पावलं पाहिली, लुगडं जरा सारून पोट आणि मांड्या पाहिल्या. मी तोंड फिरवलं.

मग त्यांनी उकळून गार केलेलं पाणी मागितलं, मीठ मागितलं, धुतलेलं पांढरं धोतर मागितलं. सासूबाई आतून वस्तू आणून उंबऱ्यावर ठेवत होत्या, पडवीत पाऊल टाकत नव्हत्या. नर्सबाई मालूच्या अंगाला हात लावतात हे पाहून त्या दारातूनच ओरडल्या, "शिवा नको गे बाये तिका! कावळो शिवलो हा. उद्या न्हातली." तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. पडवीच्या कोपऱ्यात वेगळं मडकं होतं, पाणी प्यायला करवंटी होती, आणि ती चटई म्हणजे बाजूला बसणाऱ्या बाईची चटई होती.

"माका चलता," नर्सबाई म्हणाल्या आणि राख धुऊ लागल्या. पाणी वरून सोडायचं, चोळायचं नाही, फोड फोडायचे नाहीत. मालू ओठ चावत होती. बऱ्याच वेळाने पाठ दिसू लागली. मानेपासून खांद्यांवर आणि खाली कमरेपर्यंत ओरबाडल्यासारखी लाल, चोळीच्या काठाखाली अधिक खोल, आणि डाव्या कानाची मागची कड. पण मधोमध, मानेखालून सरळ खाली, दोन बोटं रुंद अशी एक पट्टी तशीच होती. गोरी, धड. मालूची जाड वेणी नर्सबाईंनी बाजूला घेऊन खांद्यावर टाकली होती. ती त्यांनी उचलली, पुन्हा पाठीवर त्या पट्टीवर ठेवून पाहिली. बरोबर बसली. मग ती वेणी त्यांनी हळूच उचलून घेतली आणि माझ्याकडे न बघता दारात उभ्या असलेल्या सासूबाईंना विचारलं, अगदी सहज, गप्पा माराव्यात तसं:

"आये, उद्या न्हातली म्हणजे आज तिसरो दिस?"

"होय तर."

"म्हणजे काल दुसरो."

"दुसरो."

"आणि काल ती पेज गाळी होती. चुलीकडे. तुमी जाऊक दिलास?"

"माझ्या चुलीकडे?" सासूबाईंचा आवाज चढला. "माझ्या चुलीक विटाळ? पंचवीस वर्सां हे घर सांभाळलंय मी! पाऊल टाकल्यान असता तर तंगडी मोडून हातात दिली असती!"

आणि मग त्यांनी आपलं बोलणं ऐकलं.

आत चुलीवर त्या दिवसाची पेज रटरटत होती. मी गुडघ्यांवर बसलेलाच होतो आणि मला समजायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागला, हे मला कबूल केलं पाहिजे. आधी मला वाटलं, म्हातारी गोंधळली. मग वाटलं, नर्सबाईंनी वाकडा प्रश्न विचारला. मग मी मालूच्या हातांकडे पाहिलं. टोप धरणारे हात. त्यांवर एक थेंब पडलेला नव्हता. या घराच्या नेमाधर्माची मी जामसंड्यात स्तुती केली होती.

नर्सबाई माझ्याजवळ वाकल्या आणि पहिल्यांदाच शाळेतल्या मराठीत, सावकाश बोलल्या. "मास्तर, स्वतःच्या हातून सांडलं तर पुढे सांडतं. हातावर, पोटावर, पायांवर. हे मागून आलंय, आणि वरून. ती बसलेली होती, पाठ दाराकडे. हे सांडलेलं नाही."

थोरले दीर तेवढ्यात आले. कुणी तरी त्यांना बागेतून बोलावून आणलं असावं. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाले, "मास्तर, भयणीक बघलास? आता चाय घेवा आणि जावा. ह्यो आमच्या घरचो विषय. तुमी आपल्यो पोथ्यो वाचा." ते पुढे म्हणाले, "आणि नेवची असात तर खुशाल न्हेवा. पण ह्या उंबऱ्याच्या भायर गेली, की परत ह्यो उंबरो तिका नाय. नातां संपला. भयणीक जलमभर पोसा मगे."

त्या क्षणी मी काय विचार करत होतो, ते लिहायला लाज वाटते. मी विचार करत होतो की वैद्य आणता येईल. जावयांना पत्र लिहिता येईल. सासूबाईंची समजूत काढता येईल. घर मोडू नये, लोक काय म्हणतील, देवी बघून घेईल. तेव्हा मालूने आल्यापासून पहिल्यांदा तोंड उघडलं. आवाज इतका बारीक होता की मला वाकावं लागलं.

"दादा, माका हंय ठेव नको रे."

देवीवर सोपवणं म्हणजे काय, ते मला आयुष्यभर वाटत होतं की ठाऊक आहे. हात जोडून बसणं, आणि होईल ते होऊ देणं. त्या पडवीत मला कळलं की माझं ते हात जोडणं बऱ्याच वेळा नुसती भीती होती. मी उठलो. "मी तिला नेतो," एवढंच म्हटलं. दीर हसले. नर्सबाई मात्र म्हणाल्या, "आयकलास ना? आता एक बाजला बघा कोणाकडे."

बाजलं शेजारून आलं. माझ्याकडे निरोप पाठवणारं घर तेच होतं. तिथले दोघे भाऊ न बोलावता आले, दिरांकडे न पाहता पडवीत शिरले. थोरला नुसता म्हणाला, "काल किंकाळी आमी आयकली, मास्तरांनू. धावत इलंव, तर दार लायलेला." ते बाजल्याला दांडे बांधत होते, तेवढ्या वेळात नर्सबाईंनी मला विचारलं, "लिवूक काय आसा? तुमचा अक्षर बरा आसतला."

माझ्याकडे पिशवीत फक्त ती पोथी होती. तिचं शेवटचं पान कोरं होतं. मी त्यावर पेन्सिलीने लिहिलं, त्या सांगत गेल्या. मानेवर, खांद्यांवर, पाठीवर कमरेपर्यंत भाजलेलं. वरती जास्त, खाली ओघळत कमी. चोळीच्या काठाखाली खोल. डाव्या कानाची मागची कड. चेहरा, छाती, पोट, दोन्ही हात, दोन्ही पाय यांना काही नाही. घरची माणसं सांगतात की पेज गाळताना टोप कलंडला. घरचीच माणसं सांगतात की ती काल दुसऱ्या दिवसाची बाजूला बसलेली होती. मधोमध वेणीच्या रुंदीएवढी कातडी धड आहे. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि खाली आपली सही केली. सही वळणदार आणि अगदी वाचता न येणारी होती.

चारच्या गाडीच्या ड्रायव्हरने मागची लांब बैठक रिकामी करून दिली. मालू तिच्यावर पालथी, डोकं माझ्या मांडीवर. नर्सबाईंनी कसालच्या दुकानातून खायचा सोडा घेतला होता. त्यांनी उकळलेल्या पाण्यात मीठ आणि सोडा घातला आणि एक कप माझ्या हातात दिला. "भाजलेल्या माणसाचा पाणी आतल्या आत जाता. घोट घोट देत रवा. एकदम नको. ओकली तर थांबा, मगे परत द्या. आणि हात अंगाक चिकटवन ठेवूक देव नकात. कातडी आखडली तर हात वर जावचो नाय जलमभर." मालवणपर्यंत मी घोट देत राहिलो. स्तोत्र म्हणायचा प्रयत्न केला, ओळी आठवेनात. मग घोटच मोजू लागलो. माझा तेवढाच जप झाला, आणि इतका मन लावून केलेला जप त्याआधी माझ्याकडून झाला नव्हता.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी पोथीचं पान वाचलं, मग पाठ पाहिली, मग पुन्हा पान वाचलं आणि म्हणाले, "हे ज्यांनी लिहून दिलं त्यांनी माझं अर्धं काम केलं. आठवड्याभराने जखम भरू लागली की कुठे किती खोल भाजलं ते असं स्पष्ट राहत नाही, मग कुणी काहीही सांगावं." पेनिसिलिनची इंजेक्शनं झाली, व्हॅसलीन लावलेल्या जाळीच्या पट्ट्या रोज बदलल्या गेल्या. मालू दीड महिना पालथी होती. पट्ट्या निघताना ती माझा हात धरी आणि मी तिला पाढे म्हणायला लावत असे. अठ्ठाविसाचा पाढा तिला कधी येत नसे. त्या दीड महिन्यात आला.

काय घडलं ते तिने मला तिसऱ्या आठवड्यात सांगितलं. जावयांचं पत्र आलं होतं. शिमग्याला येतो आणि तुला मुंबईला घेऊन जातो, खोली मिळाली आहे, असं. बाजूला बसलेली असताना काम नसतं, म्हणून ती पडवीत दाराकडे पाठ करून ते पत्र वाचत होती. सासूबाईंनी आतून विचारलं, काय लिवल्यान? तिने मोठ्याने वाचून दाखवलं. आनंदात होती. "त्यांका वाचूक येय नाय ना, म्हणान मी वाचलंय रे दादा." मागून फक्त "माझ्या झिलाक, माझ्या पोराक न्हेतस?" एवढं ऐकू आलं, आणि मग पाठीवर ते. मी तिला वाचायला शिकवलं नसतं तर, असं माझ्या मनात आलं आणि ते तिने माझ्या तोंडावर वाचलं. म्हणाली, "तसा काय मनात आणू नको. वाचूक येय नसता तर त्या पत्राचो आनंद तरी खंय गावलो असतो माका?" पुढे म्हणाली, "टोप खाली ठेवन त्या रडाक लागल्यो. माझ्यापेक्षा मोठ्यान." याचं काय करावं, ते मला अजून कळलेलं नाही.

पुढे फौजदार आले, मालूने सांगितलं, ते पान दाखवलं गेलं. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. खोटं टिकलं नाही, एवढं पुरे. जावई मुंबईहून आले, पान वाचलं, मालूच्या पायथ्याशी तासभर बसले आणि गेले. आई एका बाजूला आणि बायको दुसऱ्या बाजूला, यातून त्यांना वाट सापडली नाही. मालू माझ्याकडे जामसंड्याला आली. आठ वर्षं राहिली. तिचे दोन्ही हात वर जात होते. माडाच्या झावळ्या विणताना, मुलींना शिवण शिकवताना, फळीवरचा डबा काढताना ते हात वर जाताना पाहिले की मला गाडीतल्या त्या सूचना आठवत.

नर्सबाई आम्हाला त्याच संध्याकाळी दवाखान्यात सोडून गेल्या. मी त्यांचं नावही नीट विचारलं नव्हतं. मालू उठून बसू लागल्यावर शोधायला गेलो तर त्यांची आणखी कुठे तरी बदली झाली होती. गावात पुढे बोलणं झालं की ती बाई नव्हतीच, ग्रामदेवीच गाडीत येऊन बसली होती. गुरव तर अजून तसंच सांगतो. मी एकदा ते मालूला सांगितलं, तर ती हसून म्हणाली, "देवीच्या पायाक कुरूप आसता काय रे दादा?" मग जरा थांबून म्हणाली, "आसतला पण. इतकी चलता ती." देवी स्वतः आली की तिने एका थकलेल्या बाईची गाडी चुकवली, हा भेद मला आता महत्त्वाचा वाटत नाही. मी मागितलं होतं ते अंगाऱ्यातून बरं होणं. मिळालं ते माझं मनगट धरणारा हात. मागताना मला त्याची कल्पनाही नव्हती, आणि मिळाला तेव्हा आधी रागच आला होता.

काकी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. ती पट्टी वेणीने राखली. बाजूला बसलेल्या बाईने चौथ्या दिवशी न्हाईपर्यंत केस सोडायचे नसतात, त्या घराचा तो नेम होता. म्हणून वेणी पाठीवर तशीच होती. ज्या नेमाने तिला पडवीत एकटी बसवली, त्यानेच तिची तेवढी पाठ वाचवली, आणि त्यानेच खोटं उघडं पाडलं. यात देवाचा हात किती आणि माणसांचा किती, हे वेगळं करून दाखवणं मला जमत नाही. मालू गेल्यापासून मी ते वेगळं करायचा नादही सोडला आहे. तिला मी वाचवलं असं मला वाटत होतं, तेव्हा कावीळ झाली आणि हातातून गेली. ती कधीच माझ्या हातात नव्हती. मध्ये आठ वर्षं मिळाली, ती दिलेली होती.

पाठ मी सोडलेला नाही. रोज सकाळी तीच पोथी. स्तोत्र संपलं की पूर्वी मी ती मिटत असे. आता शेवटचं पानही उलटतो आणि पेन्सिलीचं ते पुसट झालेलं लिखाण वरपासून खालपर्यंत वाचतो, कारण ज्या दुःखाकडे मी बघायला तयार नव्हतो, ते तिथे मला बघायला लावलं गेलं. मानेवर, खांद्यांवर, पाठीवर. मग शेवटची ओळ येते, मधोमध वेणीच्या रुंदीएवढी कातडी धड आहे, आणि तिथे मी हात जोडतो.